बोलीच्या क्षेत्रकार्यात छोट्या सिने-कॅमेऱ्याचा उपयोग

बोलींच्या अभ्यासाची साधने काळाप्रमाणे बदलत आली आहेत आणि प्रत्येक नव्या साधनाबरोबर अभ्यासाचा विषयही थोडाफार बदलला आहे. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मुख्य आधार लेखी उत्तरे हा होता. उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे स्थानिक बोलीतील रूपांतर त्या त्या जिल्ह्यातून मागवावयाचे, अशी ती पद्धत होती. पुढे १९१३ ते १९२९ या काळात या सर्वेक्षणासाठी ग्रामोफोनच्या तबकड्याही तयार करण्यात आल्या, आणि लिपीत न मावणारे उच्चार प्रथमच कायमचे पकडले गेले. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी ग्रंथमाला सिद्ध केली तिच्यात ध्वनिविचार आणि व्याकरण यांच्या जोडीला बोलीतील सलग उतारे देण्याची प्रथा होती. आज आपल्या विभागातील विद्यार्थी खेड्यावर जाताना ध्वनिमुद्रक घेऊन जातो, हे आता सांगावयासही नको. कॅमेऱ्याविषयी मात्र अजून बरीच अनास्था आहे. ‘चित्रीकरण हे माहितीपटवाल्यांचे काम, आपले नव्हे,’ असे मत मी आपल्याच विभागात एकाहून अधिक वेळा ऐकले आहे. आठ-दहा वर्षांपूर्वी माझेही मत यापेक्षा फार निराळे नव्हते.

ते बदलण्यास कारण झाली ती सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक वृद्ध बाई. बांबूच्या रोवळ्या आणि सुपे विणण्यात तिचे सारे आयुष्य गेले होते. २०१४ साली विणकामाची परिभाषा गोळा करण्याच्या हेतूने मी तिच्याकडे गेलो व सुमारे पाऊण तासाचे उत्तम, स्वच्छ ध्वनिमुद्रण घेऊन परतलो. लिप्यंतर करावयास बसलो तेव्हा लक्षात आले की, ज्या भागात रोवळीचा काठ कसा बांधतात हे ती सांगत होती, त्या भागात ‘ह्यां असां धरूचां, मगे तां असां वळवूचां, आणि मगे असां’ यापलीकडे फारसे काही नाही. साडेतीन मिनिटांत ‘असां’ हा शब्द तेवीस वेळा आला होता. प्रत्येक ‘असां’चा अर्थ निराळा होता आणि तो सर्वच्या सर्व तिच्या बोटांत होता. माझ्यापाशी मूळ ध्वनी होता, अर्थ नव्हता.

दर्शक सर्वनामे आणि त्यांपासून साधलेली ‘असा’, ‘एवढा’, ‘इतका’ ही रूपे व्याकरणात आपण एका तक्त्यात मांडतो व पुढे जातो. परंतु प्रत्यक्ष बोलण्यात त्यांचा अर्थ हाताच्या, डोळ्यांच्या किंवा हनुवटीच्या हालचालीने पुरा होतो. नुसत्या ‘हं’ या हुंकाराचे उदाहरण घ्या. मान कशी हलली यावर तो होकार आहे, संशय आहे की केवळ ‘पुढे बोला’ अशी सूचना आहे, हे ठरते. हावभाव हा बोलण्याला बाहेरून चिकटलेला अलंकार नसून बोलण्याच्या घडणीतच त्याचा भाग आहे, ही भूमिका अ‍ॅडम केंडन आणि डेव्हिड मॅकनील यांनी सविस्तर मांडली आहे. मॅकनील यांचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १९९२ चा आहे. केवळ ध्वनिविचार करणाऱ्यासही दृश्याची गरज नाही असे नाही. मॅकगर्क आणि मॅकडॉनल्ड यांनी १९७६ साली दाखवून दिले की, ‘बा’ या ध्वनीबरोबर ‘गा’ म्हणणारा चेहरा दाखविला तर पुष्कळ श्रोत्यांना ‘दा’ ऐकू येतो. आपल्याकडील ‘व’ पाहा. तो कोठे दंतोष्ठ्य, कोठे केवळ ओष्ठ्य असतो; कानाने याचा निवाडा करणे कठीण, पण समोरून नीट घेतलेल्या चित्रात वरचे दात खालच्या ओठाला टेकले की नाही हे सरळ दिसते. जिभेच्या हालचाली अर्थात कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर आहेत. ‘ळ’ च्या अभ्यासकाने त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

आता यंत्राकडे वळू. मोबाइल फोनने चित्रीकरण होत असताना वेगळा कॅमेरा कशासाठी, हा प्रश्न विद्यार्थी प्रथम विचारतात व तो योग्यही आहे. पूर्वी याचे उत्तर देणे सोपे नव्हते, कारण चित्रपटासाठी वापरले जाणारे डिजिटल कॅमेरे विभागाच्या वार्षिक अनुदानाच्याही पलीकडचे होते. २०१३ साली ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने ‘पॉकेट सिनेमा कॅमेरा’ जाहीर केला, त्याची किंमत ९९५ अमेरिकन डॉलर होती. त्याचा संवेदक, म्हणजे ज्यावर प्रतिमा उमटते तो पृष्ठभाग, जुन्या सुपर-१६ फिल्मच्या चौकटीएवढा, सुमारे साडेबारा मिलिमीटर रुंदीचा होता आणि यंत्र खरोखरच कोटाच्या खिशात मावत असे. तो कॅमेरा आता निघत नाही. २०१८ साली त्याचा ‘फोर-के’ हा वारस १२९५ डॉलर किमतीला आला. त्याची रुंदी सुमारे १८ सेंटिमीटर असल्यामुळे नावातील ‘पॉकेट’ हा शब्द आता केवळ व्युत्पत्तीपुरता उरला आहे. माझा अनुभव मुख्यतः या दुसऱ्या यंत्राचा आहे, म्हणून पुढील विवेचन त्याला धरून केले आहे. परंतु यातील बहुतेक गोष्टी त्या वर्गातील कोणत्याही कॅमेऱ्यास लागू पडतील.

फोन किंवा सामान्य कॅमेरा चित्र साठविताना जागा वाचविण्यासाठी प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे ठेवीत नाही. काही चौकटी पूर्ण ठेवल्या जातात व मधल्या चौकटींपुरता ‘आधीच्या किंवा नंतरच्या चौकटीपेक्षा काय बदलले’ एवढाच हिशेब ठेवला जातो. पडद्यावर पाहताना हे लक्षातही येत नाही. परंतु ओठ नेमके कोणत्या क्षणी मिटले हे एकेक चौकट थांबवून मोजणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीने या मधल्या चौकटी म्हणजे साक्षीदाराचा जबाब नसून ऐकीव माहिती होय. सिने-कॅमेऱ्यात प्रोरेज नावाची जी साठवणपद्धती असते तिच्यात प्रत्येक चौकट स्वयंपूर्ण असते, आणि प्रत्येक वर्णघटकासाठी २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या उपलब्ध असतात. दुसरा फरक वेळेचा. युरोपीय संघाच्या जकात-वर्गीकरणामुळे अनेक स्थिरचित्रण कॅमेऱ्यांत सलग चित्रीकरण २९ मिनिटे ५९ सेकंदांवर आपोआप थांबण्याची योजना कित्येक वर्षे होती. एखादी आजी कहाणी सांगण्याच्या भरात असताना यंत्राने मध्येच मान टाकावी याहून वाईट प्रसंग क्षेत्रकार्यात क्वचितच असेल. सिने-कॅमेऱ्यावर ही मर्यादा नाही. कार्ड आणि बॅटरी पुरेल तोवर तो चालतो.

तिसरा फरक प्रकाशाचा, आणि कोकणात तो सर्वांत जास्त जाणवतो. निवेदक पडवीत किंवा ओसरीवर बसलेला असतो, मागे खळ्यात लख्ख ऊन असते. साध्या कॅमेऱ्यात एक तर चेहरा काळा पडतो, नाही तर खळे पांढरेफटक होते. या कॅमेऱ्याची प्रकाशकक्षा तेरा स्टॉप आहे असे निर्माते सांगतात. प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो हे लक्षात घेतले, तर सर्वांत गडद व सर्वांत उजळ भागांचे गुणोत्तर सुमारे १ ला ८१९२ होते. ही कक्षा साठविण्यासाठी प्रकाशमूल्ये लघुगणकी प्रमाणात बसवावी लागतात. त्यास ‘लॉग’ म्हणतात. लॉग पद्धतीने घेतलेले चित्र प्रथम पाहणाऱ्यास ते धुऊन काढल्यासारखे फिकट वाटते व चित्रीकरण बिघडले अशी त्याची समजूत होते. पहिल्या खेपेस एका विद्यार्थ्याने तर ते पुन्हा करण्यासाठी निवेदकास दुसऱ्या दिवशी बोलावले होते! रंग आणि गडदपणा नंतर संगणकावर पूर्ववत करता येतो. अंधाऱ्या स्वयंपाकघरासाठी आणखी एक सोय आहे. या संवेदकास ४०० आणि ३२०० अशा दोन मूळ संवेदनशीलता आहेत. दुसरी वापरली असता एका खिडकीच्या उजेडातही काम भागते. दिवे लावून माणसाला संकोचात टाकण्यापेक्षा चित्रात थोडी रवाळी आलेली मी केव्हाही पत्करीन.

चौकटींची गती ठरविताना आपण चित्रपटाचे अनुकरण करू नये. चित्रपटाची रूढ गती सेकंदाला २४ चौकटी. आपल्याकडील विजेच्या प्रवाहाची कंप्रता ५० असल्यामुळे दिव्यांचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो आणि २४ च्या गतीला नेहमीच्या १/४८ सेकंदाच्या उद्भासनाने चित्रात लुकलुक येण्याचा संभव असतो. २५ चौकटी व १/५० सेकंद, किंवा ५० चौकटी व १/१०० सेकंद, या जोड्या त्या दृष्टीने निर्धोक आहेत. कथा, गप्पा, हावभाव यांसाठी २५ पुरतात. मात्र ‘प’, ‘ब’ यांसारख्या स्पर्शवर्णांत ओठ मिटलेले राहण्याचा काळ साधारण ६० ते १०० मिलिसेकंद असतो. २५ च्या गतीला एका चौकटीचा काळ ४० मिलिसेकंद, म्हणजे त्या मिटण्याच्या वाट्याला जेमतेम दोन चौकटी येतात. ५० ला तीन ते पाच येतात. ओठांचा अभ्यास करावयाचा असेल तर ५० च घ्याव्यात.

आता ज्या चुकीमुळे माझी दुसरी खेप वाया गेली तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. २०१९ साली मी त्याच बाईंकडे कॅमेरा घेऊन गेलो. भिंग, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात लेन्स म्हणतो, ते चांगल्यापैकी होते. त्याचे छिद्र पूर्ण उघडून मी तिचा चेहरा जवळून घेतला. मागची भिंत मऊ धुक्यासारखी विरून गेली होती, सुरकुत्यांवर तिरपा प्रकाश होता. चित्र इतके सुंदर आले की, पाहणाऱ्यांनी माझे कौतुक केले. त्यात हात नव्हते. मधूनमधून चौकटीच्या खालच्या कडेला बोटांची टोके येत, आणि ती अस्पष्ट असत, कारण हात चेहऱ्यापेक्षा एक-दीड वीत पुढे होते. ‘असां’ पुन्हा ऐकू येत होते, पुन्हा दिसत नव्हते. सिने-कॅमेरा हाती आला की माणूस नकळत सिनेमा काढू लागतो, असे यावर माझे निदान आहे.

चित्रपटकार उथळ स्पष्टताकक्षा मुद्दाम योजतो, कारण प्रेक्षकाने कोठे पाहावे हे त्याला ठरवावयाचे असते. अभ्यासकाला कोठे पाहावे लागेल हे चित्रीकरणाच्या वेळी ठाऊक नसते. म्हणून त्याला सर्वच स्पष्ट हवे. २५ मिलिमीटर नाभ्यंतराचे भिंग घेऊन निवेदकापासून अडीच मीटरवर कॅमेरा ठेवला, तर सुमारे पावणेदोन मीटर रुंद व एक मीटर उंच एवढा भाग चौकटीत येतो. मांडी घालून बसलेली व्यक्ती, तिचे पसरलेले हात आणि समोरची वस्तू त्यात आरामात मावतात. छिद्र एफ २ वर ठेवल्यास साधारण २.२ ते २.८ मीटर एवढाच पट्टा स्पष्ट राहतो. तेच एफ ५.६ वर आणल्यास तो १.९ पासून ३.७ मीटरपर्यंत पसरतो. संवेदक मध्यम आकाराचा असणे येथे आपल्या पथ्यावर पडते. हा कॅमेरा चालू चित्रीकरणात स्वतःहून सतत नाभीयन करीत नाही, याबद्दल पुष्कळजण कुरकुर करतात; परंतु हात पुढे आला की चेहरा सोडून हाताकडे धावणारे यंत्र आपल्याला नकोच आहे. एकदा नाभीयन करावे आणि हात काढून घ्यावा. कॅमेऱ्यात कंप शोषणारी योजना नसल्यामुळे तिपाई अनिवार्य आहे, व ती बुटकी होऊ शकणारी असावी. उभ्या माणसाच्या उंचीवरून जमिनीवर बसलेल्याचे चित्र घेतले तर ओठांचा आकार तिरपा, आखूड दिसतो. शिवाय वरून पाहणारा कॅमेरा बोलणाऱ्यालाही आवडत नाही.

ध्वनीच्या बाबतीत कॅमेऱ्यातील अंगभूत मायक्रोफोनवर विसंबून राहू नये, एवढे सांगितले तरी पुरे. फोर-के यंत्रास व्यावसायिक मायक्रोफोन जोडण्याची छोटी एक्सएलआर खाच आहे आणि ध्वनी २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ या प्रमाणात, कोणत्याही संकोचनाशिवाय साठविला जातो. स्वरांच्या विश्लेषणास तो चांगला चालतो. तरीही मी स्वतंत्र ध्वनिमुद्रक बरोबर चालू ठेवतो. अशा वेळी दोन यंत्रांची घड्याळे किंचित वेगळी चालतात हे विसरू नये. दहा लाखांत वीस एवढा बारीक फरक असला तरी तासाभरात तो ७२ मिलिसेकंद होतो, म्हणजे २५ च्या गतीला जवळजवळ दोन चौकटी. ओठ मिटणे आणि ध्वनी यांचा संबंध पाहणाऱ्यास हे परवडणारे नाही. यावर उपाय जुनाच आहे: आरंभी एकदा आणि शेवटी एकदा कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवावी. दोन्ही टोके जुळविली की मधला ताण सारखा वाटता येतो. शेवटची टाळी विसरली जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

साठवणीचा हिशेब निघण्यापूर्वीच करावा. पूर्ण एचडी आकाराचे, २५ चौकटींचे चित्र प्रोरेजच्या ‘एचक्यू’ दर्जात सेकंदाला १८४ मेगाबिट, म्हणजे तासाला सुमारे ८३ गिगाबाइट जागा घेते. ‘एलटी’ दर्जात हाच आकडा ८५ मेगाबिट, म्हणजे तासाला सुमारे ३८ गिगाबाइट. दहा तासांच्या सामग्रीच्या तीन प्रती ठेवावयाच्या (आणि त्या ठेवल्याच पाहिजेत, त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत) तर पहिल्या दर्जास अडीच हजार गिगाबाइट लागतात, दुसऱ्यास साडेअकराशे. ‘रॉ’ पद्धतीचे आकर्षण तरुण सहकाऱ्यांना फार आहे. बोलीच्या नोंदीसाठी मला तिची गरज कधी भासलेली नाही, आणि ‘फोर-के’ आकाराचीही क्वचितच. एलटी दर्जाचे एचडी चित्र बहुतेक कामास पुरते. बॅटरी मात्र या यंत्राचे दुखणे आहे. एका बॅटरीवर तो जेमतेम तासभर चालतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. तीन-चार बॅटऱ्या आणि बाहेरून वीज पुरविण्याची सोय बरोबर नसेल, तर पावसाळ्यात कोकणात जाऊच नये.

संमतीचा प्रश्न ध्वनिमुद्रणापेक्षा येथे अधिक नाजूक होतो. आवाजावरून माणूस ओळखणे अशक्य नसले तरी अवघड असते. चेहरा लपत नाही. छापील इंग्रजी अर्जावर अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. ही चित्रे कोण पाहील, कोठे राहतील, नंतर नको वाटली तर काय करावयाचे, हे निवेदकास त्याच्या बोलीत सांगावे व त्याचे उत्तर कॅमेऱ्यावरच घ्यावे. संभाषणात मध्येच कोणाच्या घरची भाऊबंदकी निघाली तर तेवढा भाग त्याच रात्री वेगळा काढावा. निरीक्षकाच्या उपस्थितीनेच बोलणे बदलते, हा लबोव्ह यांनी दाखविलेला पेच कॅमेऱ्याने वाढतो असे मानले जाते. माझ्या पाहण्यात पहिली दहा-पंधरा मिनिटे तसे होते खरे. त्यानंतर हातात काम असलेला माणूस कॅमेरा विसरतो. रिकाम्या हाताने बसलेला विसरत नाही. म्हणून शक्यतो निवेदकास त्याचे नेहमीचे काम करू द्यावे.

चित्रे घरी आणल्यावर मूळ प्रतीला हात लावू नये. तिच्यावरून लहान आकाराची कामचलाऊ प्रत व वेगळी ध्वनिफाईल काढावी आणि ती ‘इलान’ या प्रणालीत घालावी. नायमेखेन येथील माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेने तयार केलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते. तीत चित्राखाली हव्या तितक्या ओळी मांडता येतात. उच्चार एका ओळीत, व्याकरणिक फोड दुसऱ्या, उजवा हात तिसऱ्या, डावा चौथ्या, नजर पाचव्या. प्रत्येक नोंद काळाशी बांधलेली असते. काम कष्टाचे आहे. हाताच्या ओळींसह एका मिनिटाच्या चित्राची नोंद करण्यास मला दोन तासांहून कमी वेळ कधीच लागलेला नाही. नव्या विद्यार्थ्यास याहून अधिक लागेल.

रोवळीच्या त्या बाईंकडे मी तिसऱ्यांदा गेलो ते २०२२ च्या मे महिन्यात. मधल्या काळात तिची बोटे आखडली होती व विणकाम बंद झाले होते. कॅमेरा मांडलेला पाहून ती हसली आणि म्हणाली, ‘मास्तरांनू, ह्यां सांगूचां नसता, बघूचां असता.’ मग सुनेला तिने कामट्या भिजत घालावयास सांगितले व काठ बांधून दाखविला. एरवी अर्ध्या तासात होणाऱ्या कामास दोन तास लागले, दोनदा हात थांबले. चौकटीत चेहरा, दोन्ही हात आणि रोवळी एकाच वेळी होती. इलानमध्ये ते चित्र मांडल्यावर ‘असां’च्या खाली हातांच्या सात वेगवेगळ्या हालचाली निघाल्या. त्यांपैकी चार हालचालींना तिच्याकडे स्वतंत्र क्रियापदे होती, ती तिने विचारल्यावर सांगितली आणि ती माझ्या २०१४ च्या यादीत नव्हती. उरलेल्या तिहींना नाव नाही असे तिचे म्हणणे पडले. सुनेच्या मते त्यांतील एकीला नाव आहे, परंतु ते तिच्या माहेरचे, देवगडकडचे. त्याची पडताळणी या हिवाळ्यात करावयाची आहे.